सकाळी अडखळणारं इंजिन

बिघडलेली वस्तू उघडताना मी कुणाची परवानगी घेत नाही. मिक्सर असो, इन्व्हर्टर असो, शेजारणीचा टीव्ही असो. झाकण निघाल्यावरच मालकाला बातमी लागते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळं हात सदा शिवशिवत असतात. आणि खोटं कशाला बोलू, या हातांना यश आहे. आमचे हे शाळामास्तर. ते म्हणतात, हिच्या हातात पेचकस दिसला की घरातली यंत्रं भीतीनंच सुरू होतात. यांच्या बोलण्यात अर्धा टोमणा असतो आणि अर्धं कौतुक. मी कौतुकाचा वाटा ठेवून घेते आणि टोमणा परत करते.

तरी गेल्या हिवाळ्यात एका वीतभर लांबीच्या इंजिनानं मला अगदी नाकीनऊ आणलं, आणि तेही फक्त सकाळच्या वेळी.

इंजिनाच्या आधी अण्णांचं सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे वडील. पूर्णेला रेल्वेत वाफेच्या इंजिनावर खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून लागले, मग कोळसा टाकणारे फायरमन झाले, डिझेल आल्यावर ड्रायव्हर झाले आणि ड्रायव्हर म्हणूनच घरी बसले. आई गेल्यावर मी त्यांना परभणीला माझ्याकडं आणलं. यायला तयार नव्हते. म्हणाले, "घरजावई ऐकला व्हता, घरसासरा कुटं ऐकलाय का?" पण आले, आणि बघता बघता पुढची खोली, खिडकीजवळची खुर्ची आणि टीव्हीचा रिमोट असं सगळं त्यांच्या ताब्यात गेलं.

त्यांचा नेम एकच. सकाळचा चहा झाला की स्टेशन. पलीकडच्या फलाटाच्या पार टोकाला, जिथं पत्र्याची सावली संपते, तिथल्या बाकावर बसायचं आणि जेवायला घरी यायचं. गुडघे दुखतात म्हणून पूल चढायचा नाही, सरळ रूळ ओलांडायचे. रुळावर येणाऱ्या माणसांना जन्मभर हॉर्न मारून शिव्या घातल्या, आणि म्हातारपणी स्वतः तेच करायचं. दिवाळीच्या आधी एका सकाळी तिथंच पाय अडकला आणि ते पडले. चहावाल्यानं आणि एका हमालानं उचलून फलाटावर घेतलं आणि मला फोन लावला. मी पोचले तेव्हा त्याच रुळावरून मालगाडी चालली होती. डबे काही संपेनात. अण्णा समोर बाकावर धडधाकट बसलेले दिसत होते, तरी मी फलाटावरच खाली बसले. कपाळावर रुमाल धरून अण्णा म्हणाले, "काई झालं न्हाई गं. सिग्नल लाल व्हता, मनूनच वलांडलो."

मी त्या दिवशी स्टेशन बंद केलं. म्हणजे अण्णांपुरतं. एकट्यानं जायचं नाही, आणि मला किंवा यांना रोज सकाळी सोडायला वेळ नाही, म्हणजे जायचंच नाही.

मला वाटलं, भांडतील. भाजीत मीठ कमी पडलं तर मिठाच्या भावापासून सरकारपर्यंत जाणारा हा माणूस. पण ते भांडले नाहीत. "बरं" म्हणाले आणि खुर्चीवर बसले. खिडकीतून शेजारच्यांची भिंत दिसते, ती बघत बसले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भाकरी अर्धी टाकायला लागले. रिमोट त्यांनी आपणहून यांच्या हातात दिला तेव्हा मात्र मी घाबरले. भांडले असते तर मी जिंकले असते. न भांडणाऱ्या माणसाशी काय करायचं?

मग मी माझ्या पद्धतीनं विचार केला. दोष काय, तो कुठून येतो, कुठला भाग बदलायचा. अण्णांना हवाय इंजिनाचा आवाज. आणि खरं बघितलं तर स्टेशनावर तो आवाज आता फारसा उरलेलाच नाही. आमच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या, विजेची इंजिनं आली. ती घूं करतात आणि निघून जातात. अण्णांचं डिझेल म्हणजे उभं असलं तरी फलाट हलायचा. तो आवाज मी घरी आणून दिला की स्टेशनाची गरजच संपली. मला माझ्या हिशेबात कुठंही खोट दिसेना.

माझा धाकटा भाऊ परदेशात असतो. तिकडं मोठमोठी माणसं खेळण्यातल्या रेल्वेवर जीव टाकतात. त्याला सांगून मी एक इंजिन मागवलं, आमच्याकडच्या जुन्या डिझेलच्याच जातीचं, शिवाय गोल फिरेल एवढा रूळ आणि हातात धरायचा कंट्रोलर. इंजिन मुकं होतं. आवाजासाठी साउंड डीकोडर वेगळा मागवला. करंगळीच्या पेराएवढी पाटी असते ती. रुळातून वीज येते आणि विजेबरोबरच कंट्रोलरचा हुकूमही येतो. इंजिनाच्या पोटात बसून डीकोडर तो हुकूम ओळखतो आणि चाकं फिरवतो, दिवा लावतो, खऱ्या इंजिनाचा भरून ठेवलेला आवाज छोट्या स्पीकरमधून काढतो. पाटी बसवायची, वायरी जोडायच्या, झालं. माझ्यासाठी हे म्हणजे फोडणी देण्यातला प्रकार.

पुढच्या खोलीतल्या दिवाणावर मी प्लायवूड टाकून रूळ मांडला. अण्णांनी इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, चाकं बघितली, त्याच्या खिडकीतून आत डोकावून बघितलं.

"दिसायला बराबर हाय," म्हणाले.

"आवाजही बरोबर येईल," मी म्हटलं. "अगदी तुमच्या इंजिनासारखा."

"येत न्हाई."

"लावता शर्त?"

किती दिवसांनी त्यांच्या डोळ्यात काहीतरी हललं. "लाव. संक्रांतीच्या आत याचा आवाज मला बराबर वाटला तर मी स्टेशनचं नाव काढणार न्हाई. न्हाई वाटला तर तू मला रोज नेऊन सोडायचं. आन् परीक्षा सकाळी. आमची गाडी सकाळीच सुटायची."

मी हात पुढं केला, त्यांनी त्यावर टाळी दिली. जबान झाली. माझी काळजी एकच होती, तो माणूस पुन्हा रुळात पडायला नको. ही शर्त मला जिंकायचीच होती.

पहिल्या दिवशी आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा. अण्णांनी कान पुढं केला. "हे इंजिन न्हाई माय, पिठाची गिरणी हाय. पट्टा घसरलेली." माझ्या लक्षात आलं, स्पीकरच्या मागं बंद पेटी नाही, म्हणून आवाजाला अंगच नाही. त्यांच्याच गोळ्यांच्या बाटलीचं झाकण घेतलं, कापलं, स्पीकरच्या पाठीला चिकटवून बारीकशी फट होती तीही बुजवली. आवाजाला पोट आलं. मग स्पीकरची कड इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला टेकायला लागली आणि सगळंच बंद पडलं. मध्ये पट्टी चिकटवून ते सोडवलं. मग अण्णांनी नवीन खोड काढली. म्हणे, आवाज आणि चाक एकदमच सुरू होतं, हे खोटं हाय. खरं इंजिन आधी ओरडतं, जोर घेतं, मागच्या डब्यांच्या साखळ्या ताणतं आणि मग हलतं. "आदी आवाज, मंग चाक." हेही मी डीकोडरच्या आकड्यांत बदल करून जमवलं. संध्याकाळी इंजिन चालवून बघितलं. गुरगुरलं, चढलं, थांबून राहिलं आणि मग सावकाश निघालं. यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा म्हणाले, "सकाळी बगू."

सकाळी ते इंजिन सुरू झालं, हातभर गेलं आणि गप्प झालं. क्षणभरानं पुन्हा स्टार्टर फिरल्याचा आवाज, खोकला, धडधड. पुन्हा हातभर, पुन्हा गप्प. दर वेळी पहिल्यापासून. अण्णांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "गाडी लेट."

आता हा दोष कसला, हे मला झोपेतही सांगता येईल. मध्येच वीज तुटते, डीकोडर मरतो, वीज आली की पुन्हा जन्म घेतो आणि सुरुवातीपासून बोलायला लागतो. प्रश्न एवढाच की वीज तुटते कुठं. मी वायरींचे सोल्डर केलेले सांधे बघितले, ते चकचकीत होते. तरी एकेक सांधा पुन्हा केला. संध्याकाळी इंजिन लोण्यासारखं फिरलं. सकाळी परत गप्प.

मग मी थंडीला धरलं. परभणीची थंडी काही साधी नाही. सकाळी नळाच्या पाण्याला हात लावला तर बोटं आपली वाटत नाहीत. थंडीत धातू आकसतो, कुठंतरी केसाएवढी फट पडत असणार. मी वायरी बदलल्या, जरा ढिल्या ठेवल्या. संध्याकाळी उत्तम, सकाळी गप्प. मग संशय आला विजेवर. सकाळी नळ येतात, गल्लीतली प्रत्येक मोटर एकदम सुरू होते, गीझर चालू असतात, घरातला दिवासुद्धा पिवळा पडतो. हेच असणार! इन्व्हर्टरवर लावून बघितलं. इन्व्हर्टरवरही हातभर गेलं आणि गप्प झालं. मी एक कपॅसिटर बसवला, म्हणजे वीज क्षणभर तुटली तरी त्याच्यातल्या साठ्यावर डीकोडर तग धरेल. आता इंजिन हातभराऐवजी दोन हात जाऊन गप्प व्हायला लागलं.

"सुदारणा हाय," अण्णा म्हणाले. "असंच चालू दे, शिमग्यापस्तोर फेरी पुरी करील."

हे म्हणाले, "पाटीच खराब असेल. परत पाठव."

"पाटी खराब असती तर संध्याकाळीही खराब असती," मी तडकले. "निर्जीव वस्तूपुढं मी हात टेकणार नाही."

एक गोष्ट मात्र मला दिसत होती. अण्णा पुन्हा पूर्ण भाकरी खायला लागले होते. माझ्याआधी उठून अंघोळ करून कानटोपी घालून खुर्चीवर हजर असायचे. रात्री रुळावर झाकलेल्या वाकळेची घडी त्यांनी स्वतः घातलेली असायची. मला वाटलं, म्हातारा शर्त जिंकतोय म्हणून खुशीत आहे. मला रागही यायचा आणि बरंही वाटायचं.

आणखी एक गोष्ट दिसत होती, पण तिच्याकडं मी लक्ष दिलं नाही. खोबरेल तेलाची बाटली सारखी जागा सोडत होती. न्हाणीघरातली बाटली कधी पुढच्या खोलीच्या खिडकीत सापडायची, कधी स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ. मी यांच्यावर ओरडायची आणि बाटली परत नेऊन ठेवायची. अण्णांवर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. त्यांच्या डोक्यावर तेल लावण्यासारखं काही उरलेलं नाही.

भोगीच्या दिवशी मी अंधुक उजाडतानाच उठले. भोगीची भाजी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, कामाचा रगाडा होता. शिवाय संक्रांत उद्यावर आलेली. चहा टाकायला निघाले तर पुढच्या खोलीत दिवा. अण्णा खुर्चीवर बसले होते. मांडीवर फडकं, फडक्यावर उलटं केलेलं इंजिन. शेजारी गरम पाण्याच्या तांब्यात खोबरेलाची बाटली उभी केलेली, गोठलेलं तेल पातळ व्हावं म्हणून. काडीला कापूस गुंडाळला होता. तो तेलात बुडवून एकेका चाकाच्या आसाला लावत होते, दर आसाला एक टिचकी मारत होते आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते.

माझ्या डोक्यात असा भडका उडाला की विचारू नका.

"अण्णा! तुमी काय करायलाव?"

"दिसंना का? तेल द्यायलो."

"रोज देता?"

"मंग? रोजच द्यावं लागतं की."

"आणि मी इकडं रोज रात्रीची जेवणं टाकून सांधे जोडतेय! शर्त जिंकायला इंजिनात तेल ओतायचं, ही कुठली रीत?"

अण्णांनी काडी खाली ठेवली. चेहरा उतरला. "मी रडीचा डाव खेळनारा वाटलो का तुला?" अगदी हळू म्हणाले.

मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. मग त्यांनी सांगितलं. वाफेच्या इंजिनावर नोकरीला लागले तेव्हा पहिलं काम तेलाचं. गाडीच्या कितीतरी आधी शेडमध्ये जायचं, लांब चोचीची बुधली घ्यायची आणि इंजिनाभोवती फिरून प्रत्येक आसाला, प्रत्येक सांध्याला तेल द्यायचं. हातानं चाचपायचं, हातोडीनं ठोकून आवाज घ्यायचा. तेल दिल्याशिवाय ड्रायव्हर वर पाय ठेवायचा नाही. पुढं डिझेल आलं, तेलाचं काम शेडवाल्यांकडं गेलं, तरी अण्णा खाली उतरून प्रत्येक आसाला हात लावूनच गाडी काढायचे. "कोरडं इंजिन भायेर काडायचं न्हाई. अन् घरात दुसरं तेल हाय का?"

आता माझ्या डोक्यात सगळं जुळलं. एवढंसं इंजिन, त्याच्या आसाला लावलेलं तेल तिथं थोडंच राहणार. ते ओघळून चाकांवर यायचं, चाकांवरून रुळावर जायचं आणि परभणीच्या सकाळी थंड धातूला लागल्या लागल्या गोठायचं. त्यावर वाकळेचा कापूस नि धूळ बसायची. चाक आणि रूळ यांच्यामध्ये पांढरा थर, वीज जाणार कुठून? दुपारी खिडकीतून ऊन दिवाणावर आलं की सगळं वितळून मोकळं. आणि सोल्डर करण्याआधी स्पिरिटनं इंजिन, चाकं, रूळ सगळं लखलखीत पुसून घ्यायची मला शिस्त. म्हणजे रोज संध्याकाळी पुरावा मीच पुसत होते आणि सकाळी चोर शोधत होते.

मी रुळावरून बोट फिरवलं आणि अण्णांपुढं धरलं. बोटावर तूप लागल्यासारखं दिसत होतं.

अण्णांनी ते बोट बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. "रुळावर तेल?" त्यांना खरंच धक्का बसला होता. रुळावर तेल म्हणजे ड्रायव्हरच्या लेखी पाप. चाकं जागच्या जागी फिरतात, चढावर गाडी अडकते, मागून वरचे साहेब येतात. "माज्या हातून रुळावर तेल?"

"आसाला दिलं होतं ना तुमी? ओघळलं."

"तरी पन." ते उठले. "फडकं दे. ते तुजं वासाचं पानी दे."

मी चाकं पुसली, त्यांनी रूळ पुसला. गुडघे दुखत असताना दिवाणाशी वाकून, एक बोटही जागा न सोडता पुसला. पुसून झाल्यावर जरा चाचरत म्हणाले, "रेती टाकावी का जराशी? घसरलं तर आमी रेतीच टाकायचो."

"खबरदार!" मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. हसण्याच्या आवाजानं हे उठून आले आणि काय चाललंय ते न कळून दारातच उभे राहिले.

मी इंजिन रुळावर ठेवलं. यांना म्हटलं, तुम्ही साक्षीदार. कंट्रोलर हातात घेतला. कळ दाबली. आधी स्टार्टरचं कण्हणं, मग खोकला आणि मग ती धडधड. अण्णांनी डोळे मिटले. मी एक नॉच, म्हणजे वेगाचा एक टप्पा, दिला. आवाज चढला, इंजिन जागेवर थांबून जोर घेत राहिलं. आणखी एक नॉच. आवाज भरला आणि मग चाकं हलली. अर्ध्या फेरीत थांबलं नाही. पूर्ण फेरीत थांबलं नाही. दुसऱ्या फेरीला मी हॉर्न मारला.

"बराबर," अण्णा डोळे न उघडता म्हणाले. "लय बराबर हाय. दुसऱ्या नॉचला जरा घोगरं व्हतं, ते बी हाय."

"मंजूर?"

"मंजूर. हारलो."

मी उडीच मारली असती, पण वय झालं. यांच्याकडं बघून भुवई उडवली तेवढी. इतक्या दिवसांचा शीण गेला. माझ्या हातांनी केलेलं काम, माझे वडील, घरातली सुरक्षित खोली. सगळं मनासारखं झालं होतं. इंजिन फिरत होतं, मी त्याला आणखी एक नॉच दिला आणि चहाला जायला वळले.

वळताना अण्णांकडं लक्ष गेलं. डोळे उघडले होते. इंजिन वळण घेऊन त्यांच्या खुर्चीसमोर येत होतं. ते जवळ आलं तसा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला, तळवा बाहेर. इंजिन समोरून गेलं. हात तसाच थोडा वेळ राहिला आणि खाली आला. मला वाटलं, डास हाकलतायत. पुढच्या फेरीला पुन्हा हात वर. नजर इंजिनाच्या खिडकीवर. इंजिन गेलं, हात खाली.

"अण्णा, कुणाला हात करायलाव?"

ते ओशाळले. हात मांडीखाली घातला. "काई न्हाई. सवय."

"कसली सवय?"

मी इंजिन थांबवलं. मग म्हणाले, "गाडी थांबल्याबिगर ठेसनातून जायली की ड्रायव्हर हात करतो. सगळं बराबर हाय, मनून. ठेसनातल्या माणसानं बी हात करायचा. मी तिकडं टोकाला बसायचो ना, तवा बी पोरं करायचे. मी बी करायचो."

"ओळखीचे होते?"

"न्हाई. माज्या वेळचं कोन ऱ्हायलंय आता? नवी पोरं हायेत. विजेच्या इंजिनाला आवाज न्हाई, काई न्हाई, पंख्यावानी करतंय. पन हात करतेत."

आणि मग माझ्या कामाचा अपमान होऊ नये म्हणून असेल, घाईनं म्हणाले, "तू आवाज लय बराबर केलास. खोटं बोलत न्हाई मी. फकस्त याच्यात कुनी बसलेलं न्हाई, माय."

मला रडू आलं. लपवायला मी पाठ फिरवली, पण काय लपणार? इंजिनाच्या पोटातला केसाएवढा दोष शोधायला मी हिवाळा घालवला होता, आणि समोर खुर्चीवर बसलेल्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही तिथं जाऊन करता तरी काय. आवाज असणार, असं मीच ठरवून टाकलं होतं.

पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "उठा."

"कुटं?"

"स्टेशनला."

"न्हाई." त्यांनी मान हलवली. "हारलो मी. जबान दिलीय."

"शर्त कोण जिंकलं?"

"तू."

"मग जिंकलेल्याचं चालणार का हरलेल्याचं? रूळ वलांडायचे न्हाईत. पुलावरून जायचं, माझा हात धरून, कितीही वेळ लागू दे. आणि घरी येताना मी न्यायला येईपर्यंत बाक सोडायचा न्हाई. कानटोपी नीट घाला."

यांनी दारातून विचारलं, "आणि भोगीची भाजी?"

"वांगी चिरून ठेवा. आलेच."

स्कूटरवर अण्णा माझ्या खांद्याला धरून बसले. पुलाच्या पायऱ्या आम्ही थांबत थांबत चढलो. दर टप्प्यावर ते मला तारा कुठून कुठं गेल्यात ते दाखवायचे, म्हणजे दम घेतोय असं वाटू नये. मी त्या तारा बघत राहिले. खाली उतरून टोकाच्या बाकापर्यंत गेलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. बाकावर दव होतं. अण्णांनी ते रुमालानं पुसलं, माझ्या जागेचंही पुसलं.

थोड्या वेळानं मालगाडी आली. न थांबता जाणारी. इंजिन खरंच पंख्यासारखं घूं करत होतं. अण्णा उभे राहिले आणि मी सांगण्याआधीच पिवळ्या पट्टीच्या अलीकडं थांबले. खिडकीत गळ्याला मफलर गुंडाळलेला एक तरुण मुलगा होता. त्याचा हात बाहेर आला. अण्णांचा हात आधीच वर गेलेला होता. मुलगा हसला का नाही ते कळलं नाही, इंजिन पुढं निघून गेलं आणि डबे धडधडत जायला लागले.

"तू बी कर की गं," अण्णा डब्यांच्या आवाजातून ओरडून म्हणाले.

"आता कुणाला? इंजिन तर गेलं."

"मागं गार्ड असतो. एवडी गाडी घेऊन येकटाच बसलेला असतो मागं. त्याला दिसायला पायजे, कुनी हाय मनून."

मला संकोच वाटला. फलाटावर माणसं होती, एकीनं तर मला ओळखलंही असावं. तरी मी अण्णांच्या शेजारी उभी राहिले आणि हात वर केला. डबे काही संपेनात. दिवाळीच्या आधी याच जागी अशाच डब्यांकडं बघत मी खाली बसले होते, आणि आता मी तिथंच हात वर करून उभी होते. शेवटचा डबा आला. त्याच्या दारात कोट घातलेला एक गार्ड उभा होता. त्यानं अण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि हात वर केला.

गाडी वळणापलीकडं गेली तरी मी हात खाली घ्यायचं विसरले. अण्णांनीच तो धरून खाली घेतला.